एजन्सीवाल्याचं पुढे काय होणार?

सकाळी साडेनऊच्या सुमारास तालुक्याच्या गावातल्या एखाद्या किराणा दुकानासमोर उभं राहिलात तर हे दिसेल. एक छोटा हत्ती येऊन थांबतो, मागची फळी पडते, पोरगा बिस्किटाच्या दोन पेट्या आणि साबणाचा एक खोका उतरवतो. दुकानदार बिलावर सही ठोकतो आणि म्हणतो, "पुढच्या मंगळवारी घे." गाडी पुढच्या दुकानाकडे जाते. दीड मिनिटाचं काम.

या दीड मिनिटामागे जो धंदा उभा आहे त्याला कंपनीच्या कागदावर डिस्ट्रिब्युटर म्हणतात, गावात एजन्सी. 'अमुक साबणाची एजन्सी आमच्याकडे आहे' हे एकेकाळी सोयरीक जुळवताना मुद्दाम सांगितलं जायचं. आता एजन्सीवाल्याचा मुलगा पुण्यात आयटीत असतो आणि बापाला म्हणतो, गोदाम भाड्यानं द्या, जास्त सुटेल. अशा एका एजन्सीचे हिशेब मी अकरा वर्षं पाहिले. त्यामुळे पुढचं सगळं जरा खातेवहीच्या बाजूनं लिहिलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

वितरणाच्या धंद्यात पुढे काय होणार, यावर हल्ली बरंच बोललं जातं. ड्रोन, रोबो, कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे. ड्रोन येईल तेव्हा येईल. सध्या जे बदलतंय ते समजून घ्यायला आधी एक गैरसमज बाजूला करावा लागतो. एजन्सीवाला माल पोचवतो, असं सगळ्यांना वाटतं. पोचवणं हे त्याच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. गाडी आणि ड्रायव्हर कुणालाही ठेवता येतो.

त्याची खरी कामं तीन. स्वतःचे पैसे घालून माल विकत घ्यायचा आणि ठेवायचा. पेटीतला माल फोडून दुकानदाराला हवा तेवढाच द्यायचा, कारण छोट्या दुकानाला शांपूची अख्खी पेटी नको असते, तीन लडी हव्या असतात. आणि तिसरं काम म्हणजे उधार देणं. या तिन्हींपैकी कुठलं काम कोण काढून घेतंय, एवढं धरून ठेवलं की बाकीचा गोंधळ बराच सुटतो.

साखळी आणि तिच्यातला एकटा

कारखान्यातून माल निघाला की तो कंपनीच्या डेपोत येतो. हा डेपो सहसा सी अँड एफ एजंट चालवतो. नाव मोठं असलं तरी हा माणूस मालाचा मालक नसतो. माल कंपनीचा, हा फक्त सांभाळतो, बिलं काढतो आणि ठरलेलं कमिशन घेतो. माल विकला गेला नाही तर त्याचं विशेष बिघडत नाही.

डेपोतून माल एजन्सीकडे येतो आणि इथे मालकी बदलते. एजन्सीवाला कंपनीला पैसे आधी देतो किंवा माल निघताच त्याच्या खात्यातून कापले जातात. म्हणजे कंपनीचा धंदा रोखीचा. तिथून पुढे दुकानदाराला मात्र सात, पंधरा, कधी एकवीस दिवसांची उधारी. सगळ्या साखळीत वरच्याला रोख आणि खालच्याला उधार देणारा हा एकटाच. भारतात किराणा दुकानं सव्वा कोटीच्या आसपास असल्याचं मानलं जातं. त्यांतल्या बहुतेकांना बँकेनं कधी दारात उभं केलेलं नाही. त्यांच्या फळीवरच्या मालाला भांडवल पुरवलं ते एजन्सीवाल्यानं, तेही व्याज न लावता.

आता एक हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत, पण जातकुळी खरी आहे.

महिन्याला ४० लाखांची विक्री. मार्जिन ५ टक्के, म्हणजे हातात आले २ लाख. गोदामाचं भाडं १८ हजार. तीन सेल्समनचे ४५ हजार. दोन गाड्या, ड्रायव्हर, हमाल, डिझेल मिळून ५५ हजार. बिलं काढणाऱ्या मुलाचे १४ हजार. लाईट, सॉफ्टवेअर, कागद, फुटतूट असे ८ हजार. बेरीज १ लाख ४० हजार. उरले ६० हजार.

वाईट नाही, असं वाटेल. पण या धंद्यात पैसा किती गुंतलाय ते बघा. गोदामात १२ लाखांचा माल, बाजारात १५ लाखांची उधारी आणि कंपनीकडून यायचे क्लेम, म्हणजे खराब माल वगैरेंपोटी कंपनीनं परत द्यायचे पैसे, ३ लाख. एकूण ३० लाख. वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज धरलं तर महिन्याचे ३० हजार झाले. मालकाच्या पदरात पडतात ३० हजार, आणि त्यासाठी पहाटे गोदाम उघडायचं.

आता विक्री फक्त १५ टक्क्यांनी घटली असं धरा. ३४ लाख. मार्जिन १ लाख ७० हजार. गोदामाचं भाडं तेवढंच, सेल्समन तेवढेच, गाडीला पाच दुकानं कमी झाली म्हणून डिझेल काही अर्धं होत नाही. खर्च १ लाख ४० हजारच. उरले ३० हजार. गुंतवणूक थोडी कमी झाली म्हणून व्याज साडेपंचवीस हजार. हातात साडेचार हजार.

विक्री १५ टक्क्यांनी पडली आणि कमाई ८५ टक्क्यांनी. एजन्सीवाले दर महिन्याला एवढे का घाबरतात, ते या एका गणितात आहे. त्यांचा धंदा कुणी पूर्ण पळवायची गरजच नाही. वरचा थर काढला तरी पुरतं.

वरच्या मजल्यावर आधीच झालेला बदल

पहिला मोठा बदल साखळीच्या वरच्या टोकाला झाला आणि तो बहुतेकांना दिसलाच नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा आणि त्याची वजावट घेणाऱ्याला मिळत नसे. मात्र कंपनीनं स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातल्या डेपोत माल नुसता हलवला तर हा कर नव्हता. म्हणून प्रत्येक कंपनीचा जवळजवळ प्रत्येक राज्यात डेपो. गोदामं कुठे असावीत हे गिऱ्हाइकावरून ठरत नव्हतं, करावरून ठरत होतं.

भिवंडी मोठी झाली त्यातही कराचा हात आहे. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर, तरी मुंबईला लागून, नाशिकचा महामार्ग हाताशी. माल भिवंडीत उतरवायचा, साठवायचा आणि लागेल तेवढाच जकात भरून आत न्यायचा. २०१७ मध्ये मुंबईची जकातही गेली. तर्कानं भिवंडीची गरज संपायला हवी होती. झालं उलटंच. राज्यागणिक छोटे डेपो ठेवण्याची गरज संपल्यावर कंपन्यांनी ते गुंडाळून मोठी गोदामं बांधली आणि त्यांतली पुष्कळशी भिवंडीच्याच आसपास आली. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, आणि त्याचं मुंबईकडचं टोक, जून २०२५ मध्ये खुलं झालेलं, भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे आहे. नागपूरकडून निघालेला ट्रक थेट गोदामांच्या दारात उतरतो.

आमच्यासारख्या तालुक्याच्या एजन्सीला याचा अर्थ काय? पूर्वी डेपो जवळ होता, माल संपला की फोन करायचा, दुसऱ्या दिवशी गाडी. आता डेपो लांब गेला, पण गाड्या भरवशाच्या झाल्या. ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा ऑनलाइन काढलेला कागद, आलं, नाक्यावरच्या रांगा गेल्या. बाजारातला 'काल सांगितलं, आज आलं' हा प्रकार कमी झाला आणि 'परवा नक्की येईल' हा वाढला. एकूण बरंच म्हणायचं.

एकाच पेटीचे तीन भाव

खरं दुखणं भावाचं. २०२१ च्या सुमारास दुकानदार आमच्या सेल्समनला मोबाईल दाखवू लागले. "ही पेटी मला ॲपवर इतक्याला मिळते. तू इतक्याला का देतोस?" सेल्समन खरंच बघत राहायचा, कारण ॲपवरचा भाव आमच्या खरेदीच्या भावापेक्षा कमी होता.

कंपनी घाऊक ॲपवाल्यांना आणि कॅश अँड कॅरी साखळ्यांना, म्हणजे दुकानदारांना रोखीनं घाऊक माल विकणाऱ्या मोठ्या दुकानांना, वेगळं मार्जिन देत होती. ते मोठ्या प्रमाणात घेत होते, शिवाय गुंतवणूकदारांचा पैसा वापरून स्वतःच्या खिशातून सवलतही टाकत होते. एजन्सीवाल्याकडे असा खिसा नव्हता. अखेर वितरकांच्या अखिल भारतीय महासंघानं डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना पत्र लिहून सगळ्यांना एकच भाव मागितला, आणि २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवून दाखवला. बोलणी झाली, काही गोष्टी सुटल्या, पुरवठा सुरू झाला.

पण त्यातून जे उघड झालं ते पुन्हा झाकता आलं नाही. 'माझा एरिया' ही कल्पनाच कच्ची निघाली. एजन्सीच्या कराराचा कणा म्हणजे हद्द. अमुक गावं तुझी, तिथे दुसरा कुणी विकणार नाही. मोबाईलला हद्द कळत नाही. दुकानदारानं घाऊक ॲपवरून मागवलं, डीमार्टमध्ये योजना लागली म्हणून तिथून गाडी भरून आणली, की माल विकला जातो माझ्या हद्दीत आणि बिल फाटतं दुसरीकडे. हो, दुकानदार डीमार्टमधून खरेदी करतात. ट्रॉली भरभरून. त्यांना दोष देत नाही, दोन रुपये कुणाला नको आहेत.

पुढे घाऊक ॲपवाल्यांचा जोर बराच ओसरला. पेटी स्वस्तात देणं जमलं, पण वसुली जमली नाही आणि पैसा आटला. दरम्यान मोठ्यांनी जागा घेतली. रिलायन्स रिटेलनं मेट्रो कॅश अँड कॅरीचा भारतातला धंदा २,८५० कोटींना घ्यायचं २०२२ च्या डिसेंबरात जाहीर केलं आणि २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. इथे एक फरक लक्षात घ्या. नव्या ॲपवाल्याकडे पैसा होता आणि दुकानं नव्हती. रिलायन्सकडे पैसाही आहे, दुकानंही आहेत, गोदामंही आहेत. तो कंटाळून निघून जाणारा प्रतिस्पर्धी नाही.

दहा मिनिटांचा मार

किराणा दुकानाची ताकद भाव ही कधीच नव्हती. ताकद होती ती दोन गोष्टींची: दुकान कोपऱ्यावर असणं आणि खात्यावर लिहून ठेवणं. पोहे भिजत घातले आणि शेंगदाणे संपले, की पोराला पिटाळायचं. ई-कॉमर्सच्या मोठ्या कंपन्यांनी पंधरा वर्षं किराणा दुकानाला धक्का लावला नाही, याचं कारण हेच. दोन दिवसांनी येणारे शेंगदाणे पोह्यांच्या कामाचे नाहीत.

झटपट पोचवणाऱ्यांनी नेमका तो कोपरा उचलला. मुंबईत २०२१ मध्ये सुरू झालेलं झेप्टो, २०२२ मध्ये झोमॅटोनं घेतलेलं ब्लिंकिट, स्विगीचं इन्स्टामार्ट. वस्तीच्या आत भाड्याच्या गाळ्यात एक बंद दुकान असतं, गिऱ्हाइकाला आत प्रवेश नाही, फळ्यांवर काही हजार प्रकारचा माल आणि बाहेर दुचाकी घेऊन उभी असलेली पोरं.

वितरकाच्या नजरेनं यातली कळीची बाब वेगळीच आहे. त्या बंद दुकानात माल येतो कुठून? शहराबाहेरच्या मोठ्या गोदामातून. त्या गोदामाला माल देते थेट कंपनी, किंवा कंपनीनं याच कामासाठी नेमलेला एखादा बडा वितरक. ज्या वस्तीत दहा वर्षं आमच्या ओळखीच्या एजन्सीची गाडी फिरली, त्याच वस्तीतला साबण आता तिच्या बिलात नाही. गिऱ्हाईक तेच, साबण तोच, इमारतही तीच.

यामागे कायद्याचीही एक गोष्ट आहे, थोडक्यात सांगतो. परदेशी मालकीच्या ऑनलाइन कंपनीला स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही, ती फक्त बाजारपेठ चालवू शकते. विकणारा कुणी दुसरा असावा लागतो. त्यामुळे मध्ये विक्रेत्यांची एक फळी ठेवावी लागे. ब्लिंकिटची मालक कंपनी इटर्नल (पूर्वीची झोमॅटो) हिनं २०२५ मध्ये परदेशी मालकी ४९.५ टक्क्यांवर रोखायला भागधारकांची मंजुरी घेतली. आता ती भारतीय मालकीची ठरते आणि स्वतः माल घेऊन ठेवू शकते. म्हणजे कंपनी ते ॲप ते गिऱ्हाईक, मध्ये कुणी नाही. एजन्सीवाल्याचं पहिलं काम, म्हणजे माल विकत घेऊन ठेवणं, हे ॲपवाल्यानं स्वतःकडे घेतलं. पेटी फोडणंही घेतलं. उधारीची तर गरजच नाही, गिऱ्हाईक आधी पैसे देतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वितरकांच्या महासंघानं या कंपन्यांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. तोटा खाऊन भाव पाडले जातात, अशी तक्रार. तक्रारीत तथ्य आहे असं मला वाटतं, पण निव्वळ भाव वाढले म्हणून गिऱ्हाईक पुन्हा जिना उतरेल, याची मला खात्री वाटत नाही.

हे सगळं अजून शहरांत आहे. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक. आमच्या तालुक्यात कुणी दहा मिनिटांत काही आणून देत नाही. वस्ती विरळ आहे, एका गाळ्याला पुरेल एवढी मागणी दोन किलोमीटरच्या फेऱ्यात नाही. म्हणून एजन्सीचं भवितव्य एक नाही, दोन आहेत. शहरातल्या एजन्सीचा वरचा थर आजच जातोय, तोच १५ टक्क्यांचा. खेड्यातल्या एजन्सीला अजून अवकाश आहे. पण तिथे एका फेरीत वीस गावं, दर गावात दोन दुकानं, दर दुकानात हजाराचं बिल. डिझेल निघणं मुश्कील. तिथे धंदा कुणी हिरावून घेत नाही, आणि घेण्यासारखाही तो नाही.

२०२५ चा सप्टेंबर

पुढचे धक्के कसले असतील याचा नमुना म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी सेल्समन लाईनला, म्हणजे ठरलेल्या दुकानांच्या फेरीला, गेला आणि रिकाम्या वहीनं परत आला. दुकानदारांचं म्हणणं एकच: "स्वस्त होणारे ना? मग थांबतो." ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय झाला, २२ सप्टेंबरपासून नवे दर. साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून थेट ५ टक्क्यांवर. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं उत्तमच.

आता आमच्या गोदामातला १२ लाखांचा माल बघा. सोपं जावं म्हणून सगळाच १८ टक्क्यांचा धरू. त्यावर २ लाख १६ हजार कर आम्ही कंपनीला आधीच दिलेला. एरवी विकताना दुकानदाराकडून १८ टक्के घेतो आणि हिशेब जुळतो. २२ तारखेनंतर तोच माल विकताना दुकानदाराकडून घेता येतात फक्त ५ टक्के, म्हणजे साधारण ६३ हजार. उरलेले दीड लाख कुठे गेले? बुडाले नाहीत. जीएसटीच्या पोर्टलवर आमच्या नावे जमा आहेत, पुढच्या करातून वळते होणार.

पण वळते कधी होणार? पुढे सगळा माल ५ टक्क्यांचा असेल तर महिन्याला ४० लाखांच्या विक्रीवर कर २ लाख, ३८ लाखांच्या खरेदीवर भरलेला १ लाख ९० हजार. सरकारला द्यायचे फक्त १० हजार. दर महिन्याला १० हजार या वेगानं दीड लाख संपायला सव्वा वर्ष. तोवर ते पैसे पडद्यावर दिसतात, हातात येत नाहीत. त्यातच जुन्या छापील किमतीचा माल, स्टिकर, दुकानदारांच्या फळीवरच्या मालाचा फरक आणि त्याचे कंपनीकडचे क्लेम. आमच्या बिलं काढणाऱ्या मुलानं त्या आठवड्यात तीन रात्री गोदामातच काढल्या.

कर कमी होऊ नये असं मला अजिबात म्हणायचं नाही. मुद्दा इतकाच की मालाची मालकी ज्याच्या नावे असते, तो असा प्रत्येक धक्का स्वतःच्या भांडवलावर झेलतो. डेपो चालवणाऱ्याला याची झळ लागली नाही, कारण माल त्याचा नव्हता.

मग मालकीच नको

इथेच मला वाटतं तो सगळ्यात मोठा बदल येतोय आणि तो गुपचूप येतोय. एजन्सीवाल्याचा हळूहळू डेपोवाला होणार आहे. व्यापाऱ्याचा कमिशनवाला.

कसा, ते महिनाअखेर पाहिली की कळतं. कंपनीच्या भाषेत दोन विक्र्या असतात. कंपनी एजन्सीला विकते ती प्रायमरी, एजन्सी दुकानदाराला विकते ती सेकंडरी. कंपनीच्या साहेबाचं टार्गेट वर्षानुवर्षं प्रायमरीवर होतं. त्यामुळे ३० तारखेला रात्री फोन: "भाऊ, चार लाख कमी पडतायत, माल टाकतोय, बघून घ्या." बघून घ्यायचं म्हणजे खपो न खपो, गोदामात उतरवून घ्यायचं. पावसाळ्यात कोल्ड क्रीमच्या पेट्या घेतलेल्या मला आठवतात. याला बाजारात डंपिंग म्हणतात.

आता एजन्सीचं बिलाचं सॉफ्टवेअर कंपनीचंच असतं. कुठल्या दुकानात काल काय गेलं हे कंपनीला मुंबईत बसून दिसतं. दुकानदार स्वतः मोबाईलवर ऑर्डर टाकतो. हिंदुस्थान युनिलिव्हरचं शिखर, आयटीसीचं उन्नती ही त्याच कामाची ॲप. जे खपलं तेवढंच आपोआप भरून यायचं, अशी व्यवस्था हळूहळू बसते आहे. डंपिंग यानं कमी होतं, गोदामातला माल वीस दिवसांवरून दहा दिवसांवर येतो, भांडवल सुटतं. ही चांगली बाजू, आणि ती खरोखर चांगली आहे.

दुसरी बाजू अशी की माल किती घ्यायचा हे तुम्ही ठरवत नाही, कुणाला द्यायचा हे ॲप ठरवतं, भाव आणि योजना कंपनीच्या. मग तुम्हाला ठरावीक मार्जिन कशाबद्दल द्यायचं? मार्जिनचा काही भाग पक्का आणि काही भाग कामगिरीवर, अशी मांडणी कंपन्या करू लागल्या आहेत. किती दुकानांत माल वेळेवर गेला, किती प्रकार ठेवले गेले, किती ऑर्डरी परत आल्या. दुकानदाराला व्यापारातला नफा मिळत राहील, एजन्सीवाल्याला सेवेचा मोबदला मिळेल.

सेल्समनचंही तसंच. ऑर्डर घेणं हे त्याचं काम होतं, ते मोबाईलनं घेतलं. पण मुदत संपत आलेला माल परत घेणं, उंदरानं कुरतडलेल्या पाकिटांचा क्लेम करून देणं, नव्या ब्रँडसाठी फळीवर वीतभर जागा मागणं, हे ॲप करत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२४ अखेर ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मालाचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. योग्यच. पण त्यांनी नाकारलेला माल कुठेतरी जातोच, आणि बरेचदा ते 'कुठेतरी' म्हणजे आमची मंगळवारची लाईन असते.

गावागावात तीन-चार एजन्सी मिळून एक होतील, हे जवळजवळ ठरल्यासारखं आहे. एकच गोदाम, एकच गाडी, तिच्यात साबणही आणि बिस्किटंही. पूर्वी कंपन्या याला परवानगी देत नसत, प्रतिस्पर्ध्याचा माल एका छताखाली नको. आता डिझेलच्या हिशेबापुढे त्यांचाही हट्ट सैल होतो आहे. ज्याच्याकडे अशी भरलेली गाडी असेल त्याच्याकडे नवे छोटे ब्रँड स्वतःहून येतील. ऑनलाइन नाव कमावलेल्या कितीतरी नव्या कंपन्यांना तालुक्याच्या फळीवर पोचायचा रस्ता माहीत नाही, आणि तो माहीत असणारा माणूस एजन्सीवालाच आहे.

राहिली उधारी. ती कोण देणार? दुकानदाराच्या काउंटरवर क्यूआर कोड आला, त्याची रोजची उलाढाल मोबाईलमध्ये नोंदली जाऊ लागली, त्यावरून कर्ज द्यायला काही कंपन्या तयार आहेत. कागदावर झकास. पण २०२५ च्या जुलैत बंगळुरूत छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमा रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि काहींनी क्यूआर कोड काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. नोंद झाली की कर्ज मिळतं हे दुकानदाराला कळतं, पण नोंद झाली की आणखी काय काय मिळतं हेही त्याला कळतं. आणि सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते न केल्यास खर्चाची वजावट त्या वर्षी मिळणार नाही, ही आयकराची जी तरतूद २०२४ पासून लागू झाली, तिचं संरक्षण नुसत्या व्यापाऱ्याला नाही. एजन्सीवाला व्यापारीच धरला जातो.

आमच्या मालकांनी मागच्या वर्षी एका कंपनीची एजन्सी सोडली. रीतसर पत्र दिलं. शेजारच्या तालुक्यातल्या एका मोठ्या एजन्सीनं ती घेतली. त्यांनी गोदामातला माल मोजून घेतला, लोखंडी रॅक घेतले, छोटा हत्ती घेतला, दोन सेल्समनही घेतले. दुकानांची यादी तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होतीच, ती एका रात्रीत त्यांच्या नावावर चढली. फक्त एक गोष्ट त्यांनी घेतली नाही, आणि कंपनीनंही त्यात लक्ष घातलं नाही. बाजारातली ४ लाख ६० हजारांची येणी.

मालक अजून दर मंगळवारी स्कूटर काढून लाईनला जातात. बॅगेत विकायला काही नसतं, फक्त बिलांच्या कार्बन प्रती. दुकानदार चहा मागवतात, कुणी पाचशे देतो, कुणी म्हणतो पुढच्या मंगळवारी.